नकाशाबाहेरचा डोंगर

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सातारा जिल्ह्यातून वाई आणि खंडाळा यांची नावे त्या यादीत होती. सांगलीतून शिराळा, मिरज, कडेगाव आणि खानापूरची. नेहमीचे दुष्काळी म्हणून ओळखले जाणारे तालुके मात्र नव्हते: माण नव्हता, खटाव नव्हता. आटपाडी नव्हती, जतही नव्हता. शिराळा म्हणजे वारणाकाठचा, चांदोलीच्या रानाला टेकलेला, भात पिकवणारा तालुका. वाईच्या डोक्यावर धोम धरण. या दोन जिल्ह्यांचा भूगोल ज्याने चौथीच्या पुस्तकापुरता वाचला असेल त्यालाही ही यादी उलटी छापली गेली की काय, अशी शंका यावी. राजकारणाचा संशय घेतला गेला. तो आपल्याकडे घेतलाच जातो. खरे कारण मात्र त्याहून नीरस आहे आणि म्हणूनच अधिक काळजीचे. त्यासाठी यादीमागचे गणित पाहावे लागते.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे पहिली कसोटी लागते ती पावसातल्या तुटीची: सरासरीच्या मानाने यंदा किती कमी पडला, मध्ये किती आठवड्यांचा खंड होता. त्यापुढे उपग्रहावरून काढलेले पिकांच्या हिरवेपणाचे निर्देशांक, जमिनीतली ओल, भूजल, जलसाठे. हिरवेपणाचा निर्देशांकही त्या त्या जागेची तुलना तिच्याच मागच्या वर्षांशी करतो. म्हणजे सगळी मोजणी घसरणीची आहे. रोज चार भाकरी खाणाऱ्याची दीड भाकर कमी झाली तर तूट मोठी दिसते. रोज एकच खाणाऱ्याची चतकोर गेली तर टक्केवारीत ती किरकोळ ठरते. उपाशी कोण, हे या गणितात विचारलेलेच नाही.

ओरड झाली आणि १० नोव्हेंबरला सरकारने दुसरी यादी काढली. तीत १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. निकष दोन होते: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरहून कमी. हा दुसरा निकष लक्षात घेण्यासारखा आहे. घसरणीबरोबर मूळची पातळीही विचारात घ्यावी लागते, हे त्यात मान्य झाले. दहा दिवसांच्या अंतराने त्याच भूमीचे दोन नकाशे निघाले आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत. दुसरा नकाशा माण-आटपाडीच्या मुलखाला, म्हणजे माणदेशाला, अधिक ओळखीचा होता. पण पहिल्या यादीला दुष्काळाचा दर्जा आणि दुसरीला ‘सदृश’ हे शेपूट, हा फरक राहिलाच.

पर्यावरणाच्या दृष्टीने कोणता भूभाग किती काठावर उभा आहे, याचे नकाशे आता जगभर होतात. हिमालयापासून अँडीजपर्यंत डोंगराळ प्रदेशांना त्यात अग्रक्रम असतो, कारण तिथे उतार आहे, पातळ माती आहे आणि माणसे गरीब आहेत. या तिन्ही गोष्टी माणमध्ये आहेत. तरीही महाराष्ट्रात डोंगराच्या असुरक्षिततेचा विषय निघाला की तो सह्याद्रीच्या मुख्य कण्यावरच थांबतो. महाबळेश्वराजवळून फुटून पूर्वेला निघालेली महादेवाची रांग, तिच्यातून दक्षिणेकडे उतरलेल्या वर्धनगड-मच्छिंद्रगड आणि महिमानगड-पन्हाळा या दोन सोंडा, शिखर शिंगणापूर, वारुगड, संतोषगड, हे सारे डोंगरच आहेत. पण त्यांच्यावर जंगल नाही. गवत आहे, मुरूम आहे, अधूनमधून हिवर आणि बोर आहे. आणि आपल्या डोक्यात डोंगर म्हणजे झाडी, असे पक्के बसलेले आहे.

हे निव्वळ डोक्यातले राहिले नाही, सरकारी व्याख्येतही उतरले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. घाटाची पूर्वेकडची हद्द ठरवताना त्यांनी ५०० मीटरपेक्षा उंच असलेले वनाच्छादित क्षेत्र ही कसोटी घेतली. घाटापुरती ती योग्यच होती. त्यांनी सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला उंची, उतार, दुर्मीळ जीवजाती अशा कसोट्यांवर गुण दिले आणि तीन दर्जांची संवेदनशील क्षेत्रे सुचवली. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाने उपग्रहचित्रांतून नैसर्गिक भूदृश्य वेगळे काढून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील ठरवला. गेली दहा-बारा वर्षे या दोन नकाशांवर भांडण चालू आहे. अधिसूचनेचे मसुदे निघतात, मुदत संपते, पुन्हा निघतात. वायनाडच्या दरडींनंतर ३१ जुलै २०२४ ला सहावा मसुदा आला. सातारा जिल्ह्यातली जी गावे या मसुद्याच्या यादीत आहेत ती पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांतली. शिंगणापूरचा डोंगर नऊशे-हजार मीटरच्या घरात आहे, पण वनाच्छादित नाही, म्हणून तो या वादाच्या बाहेर आहे.

पश्चिमेची भीती खोटी नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडले गेले. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींखाली माणसे गेली. दरडींच्या शक्यतेचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर हाती घेतले, ते आवश्यकच होते. पण दरड एका रात्रीत येते आणि दुसऱ्या दिवशी मंत्री येतात. माती धुपून जायला चाळीस वर्षे लागतात आणि त्या चाळीस वर्षांत कुठलाही एक दिवस बातमीचा नसतो. महादेवाच्या रांगेतली आपत्ती या दुसऱ्या जातीची आहे.

सातारा जिल्ह्याइतका पावसाचा उतार महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत म्हसवडला पाचशेच्या आतबाहेर. तोही बराचसा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. कुळकजाईच्या सीतामाईच्या डोंगरात उगवणारी माणगंगा दहिवडी, गोंदवले, म्हसवड करत आग्नेयेला जाते आणि आटपाडी, सांगोला ओलांडून भीमेला मिळते. वर्षातले बहुतेक महिने तिचे पात्र म्हणजे वाळूची वाट. अशा नदीकाठी म्हसवडला सिद्धनाथाचे क्षेत्र वाढले, मोठा बाजार वाढला, घोंगड्या विणल्या गेल्या, खिलार बैल पोसला गेला आणि १९९७ मध्ये बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. गाव पाण्यावाचून नुसते रडत बसलेले नाही. पण इथल्या जमिनीचे काय झाले, हे सांगणारा सलग नकाशा आजही हातात नाही.

तो अगदीच नव्हता असेही नाही. या मुलखाच्या असुरक्षिततेचा पहिला बारकाईचा नकाशा महसूल खात्याने केला, आणि तो सारा बसवण्यासाठी केला. विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३०च्या दशकात इंदापुरात जी मोजणी सुरू केली तिची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ती इकडेही आली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीमागून प्रतबंदी. प्रतबंदीचा कारकून शेतात ठिकठिकाणी माती उकरून खोली बघे. पावणेदोन हात खोल काळी जमीन म्हणजे सोळा आणे. खोली कमी होईल तशी प्रत उतरे, आणे उतरत. त्यावर दोष मांडायचे. चुनखड आहे का, वाळू मिसळली आहे का, उतार आहे का, लोंढ्याने माती वाहून जाते का, की खालून पाणी उपळते. प्रत्येक दोषामागे एक प्रत कमी.

आजच्या भाषेत हा असुरक्षिततेचा निर्देशांकच झाला: मातीची खोली, उतार, धूप, निचरा, असे घटक घेऊन त्यांना भार देऊन काढलेला एक आकडा. आणि तो कुठल्या नऊ किलोमीटरच्या चौकोनाचा नव्हता, एकेका सर्व्हे नंबराचा होता. त्यातली गफलत हेतूत होती. ज्या जमिनीवर सारा बसवायचा तीच नीट मोजली. डोंगराची माथी, ओढे, खडकाळ उतार यांना ‘खराबा’ म्हणून एका फटक्यात बाजूला टाकले. त्यात काय होते, कोण चरत होते, पाणी कुठे मुरत होते, हे लिहिण्याची गरज पडली नाही. आणि एकदा बसवलेला आकार तीस वर्षे कायम, म्हणजे तीस वर्षांत जमीन बदलत नाही असे गृहीत धरलेले. सातबाऱ्यावर पोटखराबा हा रकाना आजही आहे. दीडशे वर्षांपूर्वी सारा न देणारी म्हणून वगळलेली जमीनच पुढे वनखात्याकडे, गायरानाकडे, पाझर तलावाकडे, पवनचक्कीकडे आणि आता औद्योगिक वसाहतीकडे गेली. हे पाहिल्यावर त्या रकान्याकडे आपण जरा अदबीने पाहायला हवे.

१८७६-७७ च्या महादुष्काळाने सरकारला आपल्याच प्रतबंदीची खोटी बाजू दाखवली. आण्यांचा हिशेब पावसाच्या भरवशावर होता आणि पाऊसच आला नाही. त्या काळातल्या दुष्काळी कामांतून आणि पाटबंधाऱ्याच्या योजनांतून खटाव-माणमध्ये नेर, मायणी, पिंगळी असे तलाव आले. त्यांतला सर्वांत मोठा माणगंगेवर राजेवाडीला बांधला. सरकारी कागदांत त्याचे नाव म्हसवड तलाव. या तलावाची गोष्ट भूवापराच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी आहे. बांध राजेवाडीत, म्हणजे आजच्या आटपाडी तालुक्यात. पाणी पसरले देवापूर, पळसावडेकडे, माणमध्ये. कालव्याने भिजते ते आटपाडी आणि सांगोल्याचे रान. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या साताऱ्याचे दोन तुकडे होऊन दक्षिण सातारा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, आणि एकाच तलावाचे हिशेब तीन जिल्ह्यांत वाटले गेले. बुडीत जमीन साताऱ्याच्या खात्यावर, बागायत सांगली-सोलापूरच्या. तालुकावार आकडे घेऊन नकाशा रंगवणाऱ्याला इथे माण दुष्काळी आणि शेजार सुपीक असा स्वच्छ फरक दिसेल आणि तो निसर्गाने केला असे वाटेल.

पावसाचा लांब पल्ल्याचा हिशेब कोणी मांडलाच नाही असे नाही. मुंबई इलाख्याचे शेती संचालक राहिलेले हॅरोल्ड मान यांनी दख्खनच्या १८६५ ते १९३८ या काळातल्या पावसाचा आणि दुष्काळांचा अभ्यास केला. तो १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आला. सत्तरहून अधिक वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की एखादे वाईट वर्ष ही अपवादाची गोष्ट राहत नाही, मुलखाचा स्वभाव दिसू लागतो. त्याच १९५५ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ती वाचायला लावायला हवी, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचली नाही तरी एक वेळ चालेल. मेंढरांवर जगणारी वस्ती पावसाच्या एका दगाफटक्याने कशी उठून जाते आणि जमीन तिथेच असून गाव कसे नाहीसे होते, हे मानांच्या तक्त्यांत नाही.

मग १९७२. राज्यभर खडी फोडणारी माणसे, सुकडी, टँकर आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी. बांधबंदिस्तीला कायद्याचा आधार १९४२ पासून होता, पण माणच्या उतारांवर ताली, नालाबांध आणि पाझर तलाव यांची दाटी झाली ती या दुष्काळानंतर. डोंगराच्या अंगावर माणसाने केलेला हा फार मोठा बदल होता. तो कुठे टिकला, कुठे गाळाने भरला, कुठे पहिल्याच जोराच्या पावसात फुटला, याची एकत्र नोंद नाही. योगायोग असा की २३ जुलै १९७२ रोजी, महाराष्ट्र पावसाची वाट पाहत असताना, अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्या मालिकेची चित्रे २००८ पासून फुकट मिळतात. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळाचा माणदेश आकाशातून टिपून ठेवलेला आहे आणि तो कोणालाही उघडता येतो. आपले सुदूर संवेदन उपग्रह १९८८ पासून फिरतात, त्याच वर्षी नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्रही झाले.

एक हिशेब इथे मांडून पाहण्यासारखा आहे. लँडसॅटच्या नेहमीच्या चित्रातला एक ठिपका तीस मीटर गुणिले तीस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. कस्तुरीरंगन गटाने वापरलेला ठिपका साधारण पावणेसहा गुंठ्यांचा. २०१५ पासून फिरणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. विंगेटच्या साखळीला आणि आकाशातल्या डोळ्याला एकाच मापाशी येऊन भेटायला पावणेदोनशे वर्षे लागली. आता प्रतबंदीचे जुने आणे आणि उपग्रहाचे ठिपके एकमेकांवर ठेवून पाहता येतात: १८५० च्या सुमारास बारा आणे असलेली जमीन आज किती हिरवी राहते, कोणत्या महिन्यापर्यंत राहते आणि कशामुळे राहते.

पण ठिपक्याला रंग द्यायचा कोणी, हा जुनाच प्रश्न नव्या यंत्रात शिरला आहे. २००० मध्ये केंद्राने देशाच्या पडीक जमिनींचा उपग्रहाधारित अ‍ॅटलस काढला. पुढे त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्यात झुडपांची आणि उघडी माळराने पडीक या वर्गात गेली. माणचे माळ या वर्गात आपसूक बसतात. वस्तुतः हे गवताळ रान आहे, पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात असायला हवे तसेच. त्यावर लांडगा आहे, खोकड आहे, माळढोकाचा मुलूख इथून लांब नव्हता, आणि धनगरांची मेंढरे आहेत. दिवाळी झाली की त्यांचे वाडे पश्चिमेला निघतात, कृष्णाकाठी आणि घाटाखाली शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतात, पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे ही जमीन वापरात आहे, पण वर्षातून काही महिने, आणि उपग्रह ज्या तारखेला वरून गेला त्या तारखेला कदाचित नाही. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला तेव्हा खड्डे काढायला मोकळी जागा हवी होती आणि ती माळावरच दिसली. गवत खणून झाड लावणे हा पर्यावरणाचा कार्यक्रम कसा होतो, हे विचारायला कोणी थांबले नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी अलीकडे देशातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा वेगळा नकाशा केला आहे. सरकारी नियोजनाने तो टेबलावर घ्यावा.

गेल्या तीस वर्षांत या मुलखाचा रंग खरोखर बदलला आहे. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या, आटपाडी-सांगोल्याचे डाळिंब नावारूपाला आले, शेततळी आली, त्यांत प्लॅस्टिक अंथरले गेले. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले पाणी २००० सालाच्या मुदतीआधी अडवायचे, या घाईत उपसा योजनांची कामे निघाली. ती मुदतीत पुरी झाली नाहीत, पण थांबलीही नाहीत. टेंभूचे पाणी आटपाडीला आले. उरमोडीचे माणच्या भागात आले. जिहे-कठापूरचे कृष्णेतून उचलून नेरमध्ये आणि पुढे आंधळीला गेले. समन्यायी पाणीवाटपासाठी नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने तेरा तालुक्यांतले लोक वर्षानुवर्षे रस्त्यावर बसले नसते तर हे झाले नसते. ज्वारी-बाजरीच्या, मटकी-हुलग्याच्या रानात ऊस उभा राहिला. उपग्रहाच्या चित्रात माणदेशाचे पिवळे-तांबूस अंग हिरव्या चट्ट्यांनी भरत चालले आहे.

नकाशा करणारा या हिरव्याला सुधारणा म्हणेल. मी तसे सरसकट म्हणायला तयार नाही. हिरवा चट्टा तीन तऱ्हेचा आहे. बोअरचा हिरवा, जो खडकात किती खोल गेल्यावर संपेल हे बोअर मारणाऱ्यालाच ठाऊक. शेततळ्याचा हिरवा, जो पुष्कळदा शेजारच्याच भूजलातून उपसून भरलेला असतो. आणि उपशाचा हिरवा, जो विजेच्या बिलावर आणि कृष्णेच्या पात्रावर उभा आहे. टेंभूचा बंधारा कऱ्हाडच्या खाली, कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या पुढे. म्हणजे आटपाडीच्या डाळिंबाचे नशीब आता महाबळेश्वर-पाटणच्या पावसाला आणि कोयनेच्या विसर्गाला बांधलेले आहे. आणि कोयनेचे ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी विजेसाठी घाट उतरवून पश्चिमेला सोडायची मुभा आहे. माणदेशाची असुरक्षितता पूर्वी माणदेशातच मोजता येत होती. आता तिचे एक टोक घाटमाथ्यावर गेले आहे.

त्या घाटमाथ्यावर काय चालले आहे? रस्ते विकास महामंडळाने नवीन महाबळेश्वर नावाचा गिरिस्थान प्रकल्प आखला, सुरुवातीला २३५ गावांचा. जावळी, पाटण, सातारा तालुक्यांचा कोयनेच्या अंगाचा हा डोंगर. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बेंगळुरू-मुंबई आर्थिक मार्गिकेतल्या औद्योगिक वसाहतीसाठी म्हसवड-धुळदेवचा माळ पुढे आला. एका टोकाला पाणलोटावर घरे, दुसऱ्या टोकाला त्या पाणलोटाच्या पाण्यावर कारखाने. दोन्ही प्रकल्पांचे नकाशे वेगळ्या कार्यालयांत होतात, वेगळ्या सल्लागारांकडून होतात, आणि एका नकाशावर दुसऱ्याची सावलीही पडत नाही. म्हसवडच्या पोरांना रोजगार हवा आहे, याबद्दल दुमत नाही. सोने-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यात पंजाबपासून केरळपर्यंत आणि पूर्वी गिरण्यांत मुंबईला ज्यांच्या बापजाद्यांनी आयुष्ये काढली त्यांना घराजवळ काम मिळाले तर कोणाला नको आहे? पण कारखान्याचे पाणी कोणत्या हिरव्यातून येणार, हे वसाहतीच्या आराखड्यात लिहिलेले असायला हवे.

दुसरीही एक बाजू आहे, ती या मुलखाच्या बाबतीत बोलायला अजून तोंड वळत नाही: पाणी जास्त होण्याची. ऑक्टोबर २०२० मध्ये माणगंगेला पूर आला. २०२५ मध्ये मे महिना संपायच्या आतच माण-फलटणकडे पावसाने रस्ते, बांध धुऊन नेले. कोरडे म्हणून बुजवलेल्या ओढ्यांत, वाळू उपसून खोल झालेल्या पात्रात, पाणी आपली जुनी वाट शोधते. गावनकाशावर तो ओढा आहे, सातबाऱ्यावर तो पोटखराबा आहे, जागेवर मात्र दुकानाचा गाळा आहे.

मग नकाशा कसा हवा? नव्या तंत्राची वानवा नाही. उणीव आहे ती इथेच जमलेल्या नोंदींकडे नकाशाचा कच्चा माल म्हणून पाहण्याची. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला जनावरांची छावणी काढली, २०१९ मध्ये पुन्हा काढली. अशा छावणीत कोणत्या गावातून किती दावणी आल्या, कोणत्या महिन्यात आल्या, घरातले कोण आले आणि कोण मागे राहिले, कोण पहिल्या पावसाला परतले आणि कोण आणखी महिनाभर थांबले, हे सारे कळते. एखादी वाडी किती काठावर आहे हे सांगणारी याहून खरी मोजणी कोणता निर्देशांक देणार? तसेच टँकरच्या खेपांचे. तहसील कार्यालयात प्रत्येक वर्षीच्या खेपांचे लॉगबुक असते: कोणत्या वाडीला, कोणत्या तारखेपासून, दिवसाला किती. वीस-पंचवीस वर्षांची लॉगबुके एकाखाली एक ठेवली तर कोणत्या वाडीचा टँकर मार्चवरून जानेवारीत सरकला आणि कोणत्या वाडीचा कायमचा बंद झाला, हे उघड होईल. टँकर बंद झालेल्या वाड्या शोधायला हव्यात. २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत राज्यात पहिली आलेली टाकेवाडी माणमधली, आणि दुसरा क्रमांक विभागून मिळवणारी भांडवलीही माणमधलीच. श्रमदानानंतर सात-आठ वर्षांनी तिथल्या चरांत पाणी किती मुरते, हे पाहायला चांगला भूगोलाचा विद्यार्थी आणि एक मोटारसायकल पुरे.

एकक बदलायला हवे, हेही आता टाळता येणार नाही. तालुका हे वसुलीचे एकक होते, महसूल मंडळ त्याचाच तुकडा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याचे दीड हजारांवर पाणलोट कधीचे पाडून ठेवले आहेत. विहिरींच्या पातळ्या त्या हिशेबाने निघतात. दुष्काळ मात्र तालुक्याच्या हिशेबाने जाहीर होतो, पीक पाहणी गावाच्या हिशेबाने होते, धरणाचा साठा प्रकल्पाच्या हिशेबाने. चार खाती चार जाळ्या टाकतात आणि राजेवाडीचा तलाव चारही जाळ्यांतून निसटतो.

सातारच्या भूमी अभिलेख कार्यालयात प्रतबंदीचे जुने कागद आहेत, दहिवडी आणि आटपाडीला टँकरची लॉगबुके आहेत, नागपूरला उपग्रहचित्रे आहेत, कोल्हापूरच्या विद्यापीठात भूगोलाचा विभाग आहे. माणगंगेच्या उगमापासून राजेवाडीच्या सांडव्यापर्यंतचा एकच पाणलोट घेऊन हे कागद एकमेकांवर ठेवण्याचे काम एका शासन निर्णयाने सुरू होऊ शकते. त्यात गुरे-मेंढरांच्या वाटा, गायराने आणि बुजलेले ओढे वेगळ्या रंगात दाखवावेत आणि टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूरच्या पाण्याची रेघ उलटी मागे घाटापर्यंत न्यावी. म्हसवड-धुळदेवच्या माळावर भूखंडांच्या खुणा रोवण्याआधी तो नकाशा देवापूर आणि धुळदेवच्या ग्रामसभांपुढे व म्हसवडच्या नगरपालिकेपुढे मराठीत मांडावा, गट नंबरांसकट.